ठिपक्यांचं पाणी

झरा आटायला लागला तेव्हा लेक घरात नव्हती, आणि आईला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं. ती असती तर तिनं जेवण टाकलं असतं.

घरामागं चढण होती. चढणीवर दोन खडक एकमेकांना खांदा देऊन उभे होते आणि त्यांच्या फटीतून करंगळीएवढी धार बारा महिने खाली यायची. खाली कातळातच डबकं साठलं होतं, दोन खाटा शेजारी शेजारी टाकल्या तर मावतील एवढं. त्यात ठिपक्या राहायच्या. बोटाच्या पेराएवढा मासा, अंग पिवळसर, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका, जसं कुणी काजळाचं बोट टेकवलंय. देवाच्या मागं एवढ्या सृष्टीचा व्याप, तरी या पेराएवढ्या जिवाला ठिपका द्यायला तो विसरला नाही. आईच्या मनात हे यायचं आणि डबक्याजवळून जाताना तिचे हात आपोआप जोडले जायचे.

खालच्या तळ्यातही एके काळी ठिपक्याच होत्या. आई या घरात नवी नवी आली तेव्हा पाण्यात पाय सोडून बसलं की पायांना गुदगुल्या करायच्या. मग तापाची साथ आली. आरोग्य खात्याची माणसं पत्र्याच्या डब्यांतून दुसरे मासे घेऊन आली आणि तळ्यात सोडून गेली. हे डासांच्या अळ्या खातील म्हणाली. लोकांनी त्यांना चहा पाजला, दुवा दिला. त्या माशांना सगळे डासखाऊ म्हणायला लागले. ताप गेला. त्याच्या मागोमाग ठिपक्याही गेल्या, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पेराएवढ्या जिवाची वाट कोण बघत बसतो?

ध्यानात आलं ते लेकीच्या. ती विद्यापीठात शिकत होती, आणि बाहेरून आलेला मासा मूळच्या माशाचं काय करतो हाच तिनं पीएचडीचा विषय घेतला होता. खांद्यावर जाळी टाकून तिनं आजूबाजूचे सगळे ओढे, सगळी तळी पालथी घातली. जिथं तिथं डासखाऊ. ठिपकी कुठंच नाही. सापडली ती आपल्याच परसात, कारण डबक्यातून तळ्याकडं जाणारं पाणी पुरुषभर उंचीच्या कातळावरून खाली पडायचं, आणि तेवढं चढून येणं डासखाऊला जमलं नव्हतं.

"दुसऱ्यांच्या पोरी वाघाच्या मागं हिंडतात," बाप म्हणायचा. "आमच्या डॉक्टरीणबाईंचा वाघ बघायला भिंग लागतं."

म्हणायचा असं, पण डबक्यात टाकलेला भाजीचा पाइप त्यानं लेकीनं एकदा सांगताच काढून घेतला. त्या पाइपावर त्याची वांगी होती, मिरच्या होत्या. ती वाळून गेली. त्यानं काट्याकुट्यांचं कुंपण घातलं, आणि धाकट्या भावाच्या बायकोचं बोलणंही खाली मान घालून ऐकून घेतलं. तिला सगळे धाकटीच म्हणत. तिचं घर याच चढणीच्या पलीकडच्या अंगाला, आणि तीही त्याच झऱ्यावर आस लावून होती.

"माशांना पाणी आणि माणसांना कोरड," धाकटी येता-जाता म्हणायची. "आम्हाला शेपट्या असत्या तर आमचंही भलं झालं असतं."

पुढच्या पावसानंतर यातल्या काही ठिपक्या दुसऱ्या झऱ्यांत नेऊन सोडायच्या, असं लेकीच्या विद्यापीठातल्या मॅडमनी ठरवलं होतं. म्हणजे हे डबकं बियाण्याचं डबकं होतं. लेक जाताना आईला बजावून गेली होती. तळ्यातली जाळी इथं धुवायची नाही. कणीक टाकायची नाही. बाबांनी कोयता बुडवायचा नाही. उन्हाळाभर तिला विद्यापीठातच काचेच्या टाक्यांपुढं बसायचं होतं, आणि शेवटी मोठ्या लोकांसमोर उभं राहून सगळं मांडायचं होतं. पाणी घालायचं नाही, एवढं सांगायचं तिला सुचलं नाही. झरा आटेल असं कुणाला वाटलं होतं?

तर झरा आटला. आधी धार दोऱ्याएवढी झाली, मग थेंब, मग खडक नुसताच ओला. शेवटी ओलही गेली. ऊन असं पडत होतं की कातळावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. डबकं कडेनं आत सरकायला लागलं. पाण्याची जुनी रेघ वर राहिली आणि ठिपक्या खालच्या खोलगटात दाटीनं गोळा झाल्या.

घराचं काम लव्हाळ्याचं. बाप तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लव्हाळे कापायचा, आई ते वाळवून चटया विणायची. तळंही आता मागं हटलं होतं. लव्हाळ्यापर्यंत पोचायचं तर गुडघाभर चिखल तुडवावा लागायचा. बाप घरी यायचा तेव्हा त्याच्या पायांना चिखलाचे मोजे चढलेले असायचे आणि पोटऱ्यांना जळवा. आई मिठाच्या बोटानं एकेक जळू काढायची.

"पोरीला सांगू या का?" तिनं विचारलं.

"काय सांगणार?"

"झरा आटला म्हणून."

"ती काय तिथून फुंकर घालणार आहे? अभ्यास टाकून पळत येईल. तिचं वर्षही जाईल आणि झरा काही भरायचा नाही." त्यानं पाय आखडून घेतला. "मीठ बेतानं लाव गं, जळवेला लाव, मला नको."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच.

"ठिपक्या कशा आहेत?"

"मजेत," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावर घागर, काखेत कळशी घेतली, तळ्यावरून पाणी भरलं आणि चढणीला लागली. कुणाला विचारलं नाही. तहानलेल्याला पाणी द्यायला विचारायचं कुणाला? मान आखडली, गुडघे कुरकुरले. कळशीतून पाणी हिंदकळायचं आणि कमरेवरून खाली ओघळून वाटेवर पडायचं, आणि वाट ते तिच्यादेखत पिऊन टाकायची. डबक्याशी पोचल्यावर ती घागर हलक्या हातानं वाकवायची. ठिपक्या पडत्या धारेखाली धावत यायच्या. ती त्यांच्याशी बोलायची. "या बायांनो, या. ढकलू नका. सगळ्यांना आहे."

धाकटी आपल्या दारातून बघायची.

"मोठ्या बाई, आमच्या दारावरूनच जाताय तर एक कळशी इकडंही वाकवा."

"तुला पाय आहेत की गं."

"हो, तेच चुकलं माझं," धाकटी म्हणाली. "कल्ले हवे होते."

एक दिवस असं झालं. आई डबक्याशी टेकली होती, उन्हानं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. घागर रिती झाली होती, कळशी वाकवायची होती. तिनं कळशीत बघितलं तर तळाशी एक मासा. करडा, ठिपका नसलेला. डासखाऊ होता हे तिला कळलं. न कळण्यासारखं काही नव्हतं, रोज तळ्यावर वावरणारी बाई ती. पण त्याचं पोट बघितलं तिनं. टम्म फुगलेलं, कातडीतून आत काळे काळे डोळे दिसत होते, पिल्लांचे. पोटुशी होती.

पोरीनं सांगितलं होतं, तळ्यातलं इथं काही नको. जाळी नको, कोयता नको. या मादीला काढून टाकायची तर कातळावर टाकावी लागली असती, तापलेल्या तव्यावर टाकावी तशी. किंवा कळशीत तसंच पाणी ठेवून परत उतरायचं, तळ्यापर्यंत, आणि पुन्हा भरून चढायचं. पाय तर लटपटत होते. आई बराच वेळ कळशीत बघत बसली. मासा कडेकडेनं फिरत होता, भिंतीला नाक लावून, दार सापडत नसल्यासारखा.

"एकटीच तर आहे," ती म्हणाली. "बाळंत होऊ दे बिचारीला."

आणि तिनं कळशी वाकवली.

अहो, पाप करायचं म्हणून केलं असतं तर तिचा हात थरथरला असता. तो थरथरला नाही. तिला बरं वाटलं. वाट उतरताना तिच्या तोंडात देवाचं नाव होतं.

उन्हाळा पुढं सरकला. ती पाणी घालत राहिली. आणखीही एखादा मासा कळशीतून गेला असेल, नसेल, देव जाणे. काही आठवड्यांनी डबक्याच्या कडेला पिल्लं दिसायला लागली, पापणीच्या केसाएवढी, ढगासारखी हलणारी. आई हरखली. उन्हाची तिरीप आणि गढूळ पाणी, त्यात ठिपका कुणाला आहे आणि कुणाला नाही ते दिसत नव्हतं. लहान आहेत अजून, ठिपका मागाहून उमटत असेल, असं तिनं मनाशी धरलं. करडी मादी तिला आठवलीही नाही. आठवली असती तरी तिला एवढी पिल्लं एकटीची वाटली नसती. लेक आली की दाखवू म्हणून तिनं ती बातमी साठवून ठेवली.

मोठ्या ठिपक्या कमी दिसत होत्या. पिल्लं झाल्यावर दडून बसल्या असतील.

मग एका संध्याकाळी लेक फोनवर रडली. दुसऱ्या कुणापुढं रडणारी पोर नव्हती ती. टाक्यांमधले मासे मेले होते, काम अडलं होतं, मांडणी आठवड्यावर आली होती.

"आई, मला वाटतं मी उगाच या वाटेला आले. सगळं संपतच चाललंय आणि मी नुसती बसून लिहितेय."

लेकराला द्यायला आईजवळ एकच गोष्ट होती.

"अगं वेडे, रडतेस काय? इथं ठिपक्यांना पिल्लं झालीत. ढीगभर. डबकं नुसतं वळवळतंय."

पलीकडचं रडणं थांबलं.

"पिल्लं?"

"हो, तर काय."

"आई, ठिपक्या पाऊस पडल्याशिवाय अंडी घालत नाहीत."

"घातली असतील या वर्षी."

"पिल्लं वर पाण्याच्या तोंडाशी आहेत का? तोंड वर करून?"

"हो. शहाणी आहेत."

बराच वेळ फोनमधून पंख्याचा आवाज येत राहिला. मग लेक म्हणाली, "मी सकाळच्या गाडीनं येते."

ती आली ती घरात न शिरता तशीच चढणीला लागली. पाठीवर पिशवी, पायात शहरातल्या चपला. आई मागं, बाप तिच्याही मागं. डबक्याशी ती गुडघ्यांवर बसली, हातजाळी घातली आणि काढली. जाळीत करडे मासे उड्या मारत होते. पुन्हा घातली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एक ठिपकी आली. तिला शेपटी नव्हती. शेपटीच्या जागी कुरतडलेल्या चिंधीसारखं काहीतरी होतं, आणि ती एका अंगावर पडून शेवटची तडफडत होती.

"हे असंच करतात," लेक म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, वर्गात वाचून दाखवावं तसा. "मोठ्यांच्या शेपट्या खातात, मग त्यांना पोहता येत नाही. लहानांना तर गिळतातच. काचेच्या टाकीत मी रोज बघितलंय."

बापानं जाळीत बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"कुणी टाकले?" लेकीनं विचारलं. "हा कातळ चढून येत नाहीत ते. कुणीतरी आणून टाकलेत."

आईनं तोंड उघडलं. पण तोवर लेक उठली होती आणि धाकटीच्या घराकडं निघाली होती. आई हाक मारत राहिली आणि तिचा पदर कुंपणाच्या काट्यात अडकला. तो सोडवून ती पोचेपर्यंत दारात भांडण उभं राहिलं होतं, आणि शेजारच्या दोन बायाही काम टाकून बघत होत्या.

"काकू, पाण्यासाठी एवढा सूड घेतलात?"

"माझ्या दारात येऊन मला विचारतेस? चार बुकं शिकलीस म्हणून?"

"तुम्हीच म्हणत होतात, मासे मरू देत, मग पाइप टाकू."

"म्हटलं. शंभरदा म्हटलं. तहान लागली की माणूस म्हणतं. केलं का?" धाकटीचा आवाज फाटला. "मी कधी त्या कुंपणाला हात लावला असेल तर हा हात झडून पडो."

"मग आले कुठून?"

"मी टाकले," आई म्हणाली.

दोघींनी वळून बघितलं. आई फाटका पदर हातात धरून उभी होती.

"झरा आटला होता. मी तळ्याचं पाणी घालत होते. त्यातून आले."

लेक तिच्याकडं बघत राहिली. आईला एवढ्यावर थांबता आलं असतं. पाण्यातून चुकून आले, एवढं खरं होतं आणि पुरेसंही होतं. पण जिभेवर आलेलं तिला गिळता येईना.

"एक मला दिसली होती. पोटुशी होती गं. कातळावर कशी टाकू?"

धाकटीनं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि लेकीपुढं धरलं. लेकीनं ते घेतलं, प्यायली नाही, तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. केस पिकलेल्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी डबकं बघितलं, खुर्चीवर बसल्या, पुढं ठेवलेला चहा प्यायल्या, आणि आईशी एकही शब्द वाकडा बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर आईला सोसलं असतं.

"डबकं पूर्ण उपसायचं," त्या लेकीला म्हणाल्या. "डासखाऊ एकही जिवंत ठेवायचा नाही. ठिपक्या मिळतील तेवढ्या बाजूला काढायच्या. नर-मादी मिळाली तर टाकीत घालून आपल्याकडं आणू."

"आणि नाही मिळाली तर?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "तुझा प्रबंध अडणार नाही. खरं सांगायचं तर तो आणखी भक्कम होईल. टाकीत जे दिसलं तेच उघड्या पाण्यात घडलं, याचा असा पुरावा सहसा हाती येत नाही."

"मला असा नको होता," लेक म्हणाली.

"माहीत आहे, बाळ."

त्या गेल्यावर आई लेकीजवळ बसली. लेक खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"लिहिशील ना, कसं झालं ते?"

"लिहावं लागेल."

"माझं नाव घाल. मी नाही म्हणायची नाही."

"नाव घालत नाहीत, आई. स्थानिक व्यक्तीकडून, असं लिहितात."

आईनं तो शब्द मनात घोळवून बघितला. स्थानिक व्यक्ती. जन्म दिला, न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवायला चिखलातून खांद्यावर नेलं, आणि छापायच्या वेळी स्थानिक व्यक्ती. पण तिला राग आला नाही. त्या शब्दाआड पोरीनं तिला झाकलंच होतं.

सकाळी तिघं उपसायला लागले. बाप डबक्यात उतरून बादल्या भरून द्यायचा, आई त्या घेऊन कडेला चाळणीतून ओतायची, लेक चाळणीत राहिलेलं निवडायची. करडे मासे ती मुठीनं उचलून तापल्या कातळावर टाकत होती. ते उड्या मारायचे, मग एकेका ठिकाणी चिकटून राहायचे. कितीतरी माद्या पोटुशा होत्या. आईनं पहिल्यांदा नजर फिरवली. मग तिला वाटलं, बघितलंच पाहिजे, आणि ती बघत राहिली. कातळावर त्यांची पोटं उन्हानं तडकत होती.

धाकटी आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि आईच्या हातातली बादली काढून घेतली.

"व्हा बाजूला. कंबर मोडेल तुमची."

खोलगट तेवढा राहिला. मेलेल्या ठिपक्या गाळात सापडल्या, बऱ्याचशा, ठिपक्यासकट कुजलेल्या. लेक त्या एका फडक्यावर ओळीनं मांडत होती. बाप ओंजळीनं शेवटचा गाळ उपसत होता.

"थांबा, बाबा."

त्याच्या ओंजळीत एक हालली. लेकीनं ती पसरट भांड्यात सोडली. शेपटी अर्धी होती, पण सरळ पोहत होती. सगळे भांड्यावर वाकले.

"मादी आहे," लेक म्हणाली.

मग चौघांनी कातळाची फट न् फट चाचपली. बापानं बोटं घालून घालून नखं फोडून घेतली. ऊन डोक्यावर आलं आणि कललं. डबकं कोरडं झालं, तळाचा दगड पांढरा पडायला लागला, आणि दुसरी मिळाली नाही.

लेकीनं मॅडमना फोन लावला. ती फक्त हो, हो म्हणत होती. फोन ठेवून तिनं पिशवीतून एक लहान बाटली काढली, मग एक मोठी, रुंद तोंडाची.

"काय करतेस?" बापानं विचारलं.

"तिला ठेवायचं. विद्यापीठाच्या संग्रहात. आपोआप मेली तर कुजेल, आणि मग पुढं कुणाला बघायलाही मिळणार नाही."

"जिवंत आहे की ती," आई म्हणाली.

"एकटी आहे, आई."

"मग? एकटं कुणी राहत नाही का? मी सांभाळते तिला. घरात, भांड्यात. मी काही म्हणजे काही घालणार नाही त्यात."

लेकीनं आईकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिचे डोळे भरले होते. तिनं नाही म्हणून मान हलवली.

धाकटी उठून पाठमोरी उभी राहिली. बाप डबक्याच्या कोरड्या खळग्यात बसून होता, तिथून उठलाच नाही.

लेकीनं लहान बाटलीतले थेंब भांड्यातल्या पाण्यात सोडले. लवंगेच्या तेलाचा वास पसरला.

"दुखतं का त्यानं?"

"नाही. झोप लागते."

ठिपकी एकदा भांड्याच्या कडेनं फिरली, मग सावकाश झाली, मग पाण्यात तिरपी होऊन थांबली. तिचे कल्ले हलत होते. लेक त्यावर नजर ठेवून बसली, कल्ले थांबले तरी बसली. बऱ्याच वेळानं तिनं ठिपकीला चिमट्यानं उचललं आणि मोठ्या बाटलीत सोडलं. आत पाण्यासारखंच स्वच्छ, पण उग्र वासाचं काहीतरी होतं. ठिपकी तळाशी गेली. काळा ठिपका अगदी स्पष्ट दिसत होता.

"झाकण धर, आई."

आईनं झाकण धरलं. तिचे हात ओले होते आणि बाटली काठापर्यंत भरलेली नव्हती, वर दोन बोटं रिकामी राहिली होती. तिच्या पायाशी कळशीत थोडं पाणी उरलं होतं.

"वरून घालू का थोडं?" तिनं विचारलं.

लेकीनं तिच्या हातातून झाकण घेतलं आणि घट्ट फिरवलं.

"यात पाणी चालत नाही, आई."